शासन िनणर्य म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशभरातल्या पेपरांत पहिल्या पानावर यायचे प्रसंग तसे कमीच. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, निम्म्याहून जास्त वस्ती आदिवासी, वर सातपुडा, पलीकडे नर्मदा. पुण्यात 'गाव कुठलं?' विचारल्यावर 'नंदुरबार' सांगितलं की समोरचा 'अच्छा, विदर्भ!' म्हणतो. आम्ही दुरुस्त करत नाही. थकलोय. :)

पण २९ सप्टेंबर २०१० ला आमचा नंबर लागला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभली गावात आले, आणि देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना मिळाला. आज ज्या बारा आकड्यांशिवाय सिमकार्डापासून पेन्शनीपर्यंत पान हलत नाही, ते प्रकरण आमच्याकडे सुरू झालं बघा.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. सातबारा, शिष्यवृत्ती, दाखले, बँक, पेन्शन, सगळं हळूहळू खिडकीवरून स्क्रीनवर गेलं. खिडकीवर रांग होती, साहेब जेवायला गेलेले असायचे, हे सगळं खरं. पण खिडकीच्या आत माणूस असायचा. समोरच्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाही, हे त्याला कळायचं. स्क्रीनला ते आपोआप कळत नाही. कुणीतरी बसून तसा कोड लिहावा लागतो. तो कुणीतरी म्हणजे आमच्यासारखे लोक. म्हणून हा लेख.

मामा आणि जीआर

आमचे मामा शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा डोळ्यांचा आजार आहे. यात आधी रात्री दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरतं, आणि पुढे बऱ्याच जणांचं तेही जातं. मामांचं चाळिशी ओलांडल्यावर गेलं. नोकरी टिकली, कारण १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ४७ वं कलम होतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. (२०१६ च्या नव्या कायद्यात ही तरतूद २० व्या कलमात आहे.) हे कलम साहेबांना मामांनीच तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

झेडपीच्या शिक्षकांना ओळखत असाल तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही. काही लोकांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात, काहींना जीआर. आमचे मामा दुसऱ्या जातीचे. वेतनश्रेणी, बदली, वैद्यकीय बिल, कुणाचं काही अडलं की लोक मामांच्या ओट्यावर. मामा तारखेसकट सांगणार. दृष्टी गेल्यावर ओट्यावरची गर्दी ओसरली, कारण नवीन जीआर त्यांना वाचता येईनात. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, पण वाचणारा परिच्छेद गाळतो, आणि जीआरमधली गंमत नेमकी गाळलेल्या परिच्छेदात असते.

मग नाशिकच्या एका शिबिरात मामा स्क्रीन रीडर शिकून आले. फोनवर टॉकबॅक, आणि मी पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए. हा एनव्हीडीए मायकल करन नावाच्या एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर महाग होते. आजही तो फुकट आहे आणि सोर्स कोड खुला आहे. माझ्या मते ओपन सोर्सच्या इतिहासात याहून चांगला प्रोजेक्ट कमीच असेल, पण त्यावर वेगळा लेख.

मामा जोरात निघाले. पहिल्या आठवड्यात पेपर, दुसऱ्या आठवड्यात मराठी विकिपीडिया. आवाजाचा वेग असा की मला एक अक्षर कळत नाही, आणि मामा मात्र चहा पिता पिता ऐकतात. मग त्यांनी मोर्चा जीआरकडे वळवला. आणि एका शनिवारी फोन आला, अहिराणीत: "हाई काय बोली ऱ्हायनं रे?"

फोन जे बोलत होता ते म्हणजे लेखाचं शीर्षक. एका खात्याचं पीडीएफ होतं. डोळ्यांना ठळक, सुंदर 'शासन निर्णय' दिसत होतं. आत होतं 'शासन िनणर्य'. मशीन बिचारं जे लिहिलंय ते वाचत होतं.

असं का होतं

पीडीएफ ही मुळात छापण्यासाठी केलेली गोष्ट. कुठला आकार कागदावर कुठे बसवायचा, एवढं तिला पक्कं माहीत असतं. तो आकार म्हणजे कुठलं अक्षर, हे वेगळं सांगावं लागतं. इंग्रजीत फारसं बिघडत नाही, कारण ज्या क्रमाने दिसतं त्याच क्रमाने लिहिलेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. 'नि' मध्ये पहिली वेलांटी दिसते 'न'च्या डावीकडे, पण युनिकोडमध्ये ती साठवतात 'न'च्या नंतर. 'र्ण' मधला रफार दिसतो 'ण'च्या डोक्यावर, पण साठवतात 'ण'च्या आधी. पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने हा हिशोब आत नीट लिहून ठेवला नाही, तर वाचणारं मशीन दिसतं त्या क्रमाने अक्षरं उचलतं. मग 'निर्णय'चं 'िनणर्य' होतं. असंच अख्खं पान.

मराठी पीडीएफमधून कधी काही कॉपी-पेस्ट केलं असेल तर हा अवतार तुम्हीही पाहिला असेल. आपण वैतागतो आणि परत टाइप करतो. मामांना तो पर्याय नाही.

हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. याच्या आधीची पिढी आठवते का? श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे फॉन्ट. त्यात 'मराठी' हे मराठी नसायचंच. आत इंग्रजी अक्षरं आणि युरोपातली टोपीवाली चिन्हं, वर फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट नसेल तर पानभर चिन्हांची रांगोळी. मराठी पेपरांच्या वेबसाइटी कितीतरी वर्षं अशाच होत्या. डोळस माणूस फॉन्ट डाउनलोड करून सुटायचा. स्क्रीन रीडर मात्र मुखवटा बघतच नाही, आतली चिन्हं वाचतो. म्हणजे अंध वाचकासाठी तो मजकूर मराठीत नव्हताच. मराठी युनिकोडमध्ये यावी म्हणून त्या काळात हौशी लोकांनी जी खटपट केली, तिचा हा फायदा फार कुणी मोजत नाही.

आणि तिसरा प्रकार, सगळ्यांत निगरगट्ट: छापलेला कागद स्कॅन करून पीडीएफ. यात अक्षर नसतंच, फक्त फोटो. स्क्रीन रीडर म्हणतो, डॉक्युमेंट रिकामं आहे. गंमत म्हणजे तो कागद आधी कुणीतरी कॉम्प्युटरवरच टाइप केलेला असतो. मग प्रिंट, मग सही-शिक्का, मग स्कॅन, मग अपलोड. ताकातून लोणी काढायचं, ते फेकायचं आणि ताक वाढायचं.

स्क्रीन रीडर पान 'बघतो' कसं

आपण पान उघडलं की नजर भिरभिरते आणि हवं तिथे थांबते. कानाला ते जमत नाही, कान ओळीने जातो. म्हणून एनव्हीडीएमध्ये उड्या मारायची सोय आहे. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, एफ म्हणजे फॉर्ममधला रकाना, बी म्हणजे बटन, टी म्हणजे टेबल. पण हेडिंगला हेडिंग म्हणून कोडमध्ये खूण केलेली असेल तरच. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं तर डोळ्याला हेडिंग, कानाला साधी ओळ. मग चाळीस ओळींचा मेनू ऐकल्याशिवाय बातमी नाही. प्रत्येक पानावर. रोज.

लिंकांची यादीही वेगळी ऐकता येते. आपल्या मराठी साइटींवर ती अशी ऐकू येते: येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा. मामा म्हणाले, "अरे, ही काय आरती आहे?"

चित्राला ऑल्ट टेक्स्ट नसेल तर फाइलीचं नाव वाचलं जातं, बटनाला नाव नसेल तर फोन नुसता 'अनलेबल्ड बटन' म्हणतो. आणि एक खास आपला मुद्दा: पानाच्या सुरुवातीला भाषा कुठली ते सांगायची जागा असते. तिथे मराठीचा कोड 'एमआर' टाकला नाही तर आवाज चुकीचा लागू शकतो. हिंदी आवाजाने मराठी वाचलं की 'चमचा'तला च भलतीकडेच जातो, आणि '२५' दिसलं की तो 'पच्चीस' म्हणतो. एक छोटा शब्द कोडमध्ये टाकला की पंचवीसचे पंचवीस राहतात. याला ना बजेट लागतं, ना मीटिंग.

डोळे मिचकावा

मागे मामांच्या बँकेचं केवायसी संपलं. बँकेचं नाव नको. ॲपवरून घरबसल्या करा, असा मेसेज आला. मामांना ॲप उघडता आलं, ओटीपी टाकता आला. मग कॅमेरा सुरू झाला आणि आवाज बंद. स्क्रीनवर लिहून आलं होतं 'चेहरा गोलात आणा', ते फोनने वाचलंच नाही. मामीने चेहरा गोलात आणला. पुढची सूचना: डोळे मिचकावा. मामांचे डोळे त्या मशीनला हवे तसे मिचकत नाहीत. तीन वेळा नापास. मुख्याध्यापकांच्या हाताखाली तीस वर्षं काढून जे झालं नाही ते या वयात झालं, असं मामाच हसत म्हणाले.

शेवटी तालुक्याच्या शाखेत जावं लागलं, कुणालातरी सोबत घेऊन, दिवस मोडून. तिथे अंगठा घेतला. मामा म्हणाले, मला सही येते. समोरचा म्हणाला, काका, अंगठाच लागतो तुम्हाला. ज्या माणसाने निम्म्या गावाला सही करायला शिकवलं, त्याच्या बोटाला शाई लावली. यावर मात्र मामा हसले नाहीत. मामीकडून कळलं, दोन दिवस ओट्यावर आलेच नाहीत.

हे फक्त आमच्या मामांचं दुखणं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. नेमका हाच 'डोळे मिचकावा' प्रकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची एक याचिका होती आणि अंध असलेले वकील अमर जैन यांची दुसरी. ३० एप्रिल २०२५ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देश, त्यात जिवंतपणा तपासायला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, हेही आलं. मामांना मी हा निकाल ऐकवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पीडीएफ वाचता येतं का त्याचं?"

कायदा आहे, सवय नाही

कायद्याची कमी आपल्याला कधीच नव्हती. भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्येच मान्य केला. सरकारी वेबसाइटी कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी कंपन्यांच्या सेवांनाही लागू होतो. पण त्याच्या नियमावलीतला पंधरावा नियम, म्हणजे जिथे मानकं दिलीत तो, नुसता शिफारशीसारखा आहे, सक्ती कुठेय, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी प्रकरणात तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करा म्हणून सांगितलं. रातुरी यांनी मूळ याचिका केली होती २००५ मध्ये. एकोणीस वर्षं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पुण्या-बंगळुरात बसून आम्ही अमेरिकन आणि युरोपियन क्लायंटसाठी साइटी बनवतो. तिथे करारातच ॲक्सेसिबिलिटी असते, कारण अमेरिकेत सेक्शन ५०८ आहे, लोक कोर्टात जातात, आणि युरोपचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय. त्यामुळे कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ आहे का, प्रत्येक बटन कीबोर्डने दाबता येतं का, याच्या चेकलिस्टा आम्हाला पाठ. म्हणजे ओहायोतली अंध आजी मराठी पोराने लिहिलेल्या साइटीवर आरामात वीजबिल भरते, आणि त्याच पोराचा शहाद्याचा मामा ओटीपी सांगायला शेजाऱ्याला हाक मारतो. कौशल्याचा प्रश्न नाहीच हा. मागणारा कोण आणि विचारणारा कोण, एवढाच आहे.

मागणारे कमी आहेत असंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. त्यातही १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ मध्ये २१ झाले, आणि त्यात सिकलसेलही आला. सिकलसेल म्हणजे काय हे पुण्यात समजावून सांगावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे नाही लागत. भिल्ल, पावरा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. सांधे ठणकतात, बोटं सुजतात, थकवा येतो, काही जणांच्या डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होते. अशा पोराने प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरायला घेतला आणि पाचव्या पानावर 'सेशन एक्स्पायर्ड' आलं, तर ते पोरगं आळशी नाही. वेळ वाढवून मागायची सोय द्या, भरलेलं जपून ठेवा, हे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स २००८ पासून सांगतायत.

आणि भाषा? फोनला मराठी आवाज मिळाला, भिलीला, पावरीला, मावचीला कधी? २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी खात्याने आदि वाणी नावाचं भाषांतराचं ॲप काढलं, त्याच्या बीटा आवृत्तीत संथाळी, मुंडारी, गोंडीबरोबर भिली आहे. सुरुवात म्हणून चांगलं आहे. तोवर सरकारी फॉर्मवरचं 'उपरोक्त विवरणपत्रातील तपशील प्रमाणित करण्यात येत आहे' हे वाक्य मराठी आईबापांच्या पोरांनाही कळत नाही, तर पावरा पोराला काय कळणार? सोपी भाषा हीसुद्धा ॲक्सेसिबिलिटीच.

मग करायचं काय

हे सगळं वाचून 'सरकारने काहीतरी केलं पाहिजे' म्हणून चहा प्यायला उठू नका. तुमच्यापैकी निम्मे कोड लिहिता, उरलेले कुठल्यातरी शाळेची, मंडळाची, सोसायटीची साइट किंवा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळता. या रविवारी एवढं करून बघा:

१. माऊस उपटून ठेवा. फक्त टॅब आणि एंटर वापरून आपल्याच साइटीवर एक फॉर्म भरा. कुठे अडकता ते लिहून काढा. तीच तुमची यादी.

२. वर्डमध्ये केलेली नोटीस प्रिंट-स्कॅन न करता थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करा. मग त्यातली एक ओळ कॉपी करून बघा. 'िनणर्य' आलं तर सोबत साधा युनिकोड मजकूरही द्या.

३. 'येथे क्लिक करा' ऐवजी 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असं लिहा. एक शब्द कमीच, आणि सगळ्यांनाच बरं.

४. फोटोला ऑल्ट टेक्स्ट द्या. 'कार्यक्रमाचे छायाचित्र' असं लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच. कोण आहे, काय करतंय ते लिहा.

५. व्हिडिओला मराठी सबटायटल्स द्या. बहिऱ्यांना लागतातच, शिवाय एसटीत बसलेल्यालाही लागतात.

६. राखाडीवर राखाडी अक्षरं नकोत. मे महिन्यात शहाद्याच्या चौकात, भर दुपारी, स्वस्तातल्या फोनवर वाचून दाखवा मग.

७. कॅप्चा ठेवायचाच असेल तर दुसरा मार्गही ठेवा. तिरपी अक्षरं ओळखणं ही माणूस असल्याची खूण नव्हे. मामा माणूस आहेत, मी ओळखतो त्यांना.

यातलं एकही काम रॉकेट उडवण्यासारखं नाही. पहिल्यापासून केलं तर वेळही फारसा जात नाही, नंतर ठिगळं लावायला जातो.

मामांचं सांगायचं तर, त्या खात्याला त्यांनी पत्र लिहिलं. कायदा, कलम, तारीख, सगळं तोंडपाठ. स्वतः टाइप केलं, खाली स्वतःची सही केली. उत्तर अजून आलेलं नाही. आलंच, तर ते स्कॅन करून पाठवलेलं असेल अशी आमची पैज लागली आहे.

हा लेख मामा ऐकतीलच. शुद्धलेखनाच्या चुका सोमवारपर्यंत फोनवर कळतील. मामा, शीर्षकाशी आवाज अडखळला असेल, तेवढं एक मुद्दाम केलंय. बाकी सगळं सरळ वाचता यायला हवं. नाही आलं तर सांगा.